आवाजावरून ओळख पडताळणी: थ्रेशोल्डला हात लावण्याआधी करायची कामं

"खरे ग्राहक नापास होताहेत, थ्रेशोल्ड किती खाली आणू?" आवाजावरून ओळख तपासणारी यंत्रणा बसवलेल्या पतसंस्था, दवाखाने आणि कॉल सेंटरमधून सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. यंत्रणा प्रत्येक आवाजाला जुळणीचे गुण देते, आणि पास व्हायला लागणारे किमान गुण म्हणजे थ्रेशोल्ड. बहुतेक ठिकाणी दोष थ्रेशोल्डचा नसतो. नोंदणीच्या वेळी आवाज वाईट घेतलेला असतो आणि स्वतःच्या ग्राहकांवर चाचणी कधी झालेलीच नसते. अशा वेळी थ्रेशोल्ड खाली आणला की तक्रारी थांबतात, पण परक्याचाही मार्ग मोकळा होतो आणि ते कळतही नाही, कारण आत शिरलेला परका तक्रार करायला येत नाही.

म्हणून हे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. थ्रेशोल्ड सातव्या टप्प्यावर येतो. उदाहरणासाठी नागपूरच्या इतवारीतली एखादी पतसंस्था धरू. सभासद फोन करतो, यंत्रणा त्याचा आवाज तपासते, मग शिल्लक किंवा हप्त्याची तारीख सांगते.

दोन चुका वेगळ्या ओळखा. परक्याला आपला मानणं म्हणजे चुकीचा स्वीकार, आणि आपल्याला परका मानणं म्हणजे चुकीचा नकार. "९९ टक्के अचूक" असं कोणी म्हटलं, तर यापैकी कोणत्या चुकीबद्दल बोलताय ते विचारा. उत्तर आलं नाही तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

टप्पा १: आवाज कशासाठी, ते कागदावर लिहा

फोन करणारा "मी अमुक" म्हणतो आणि यंत्रणा त्या एका नोंदीशी आवाज जुळवते, ही पडताळणी. हजारो नोंदींतून "हा कोण?" हे शोधणं म्हणजे ओळख शोधणं, आणि ते फार अवघड काम आहे. सभासद क्रमांक न विचारता केवळ आवाजावरून माणूस शोधायचा मोह टाळा. नोंदी वाढतात तशी चुकीच्या जुळणीची शक्यताही वाढते.

मग कामांची यादी करा. शिल्लक सांगणं, हप्त्याची तारीख सांगणं यांना आवाज आणि नोंदलेला मोबाइल नंबर पुरतात. पैसे वळते करणं, मोबाइल नंबर बदलणं, नॉमिनी बदलणं यांपैकी काहीही केवळ आवाजावर होऊ देऊ नका. तिथे ओटीपी किंवा शाखेत येणं हवंच.

सावधान: आपल्याकडे खातं वडिलांचं आणि फोनवर बोलणारा मुलगा, हे घरोघरी चालतं. नोंदणी वडिलांच्या आवाजाची आणि पुढचे सगळे कॉल मुलाचे, असं झालं की यंत्रणा त्याला नापास करते आणि खापर यंत्रणेवर फुटतं. त्याहून वाईट म्हणजे बापलेकांचे किंवा दोन भावांचे आवाज जवळचे असले तर कधी पास, कधी नापास असा खेळ सुरू होतो. खऱ्या अर्थाने फोन कोण करणार ते नोंदणीच्या दिवशीच विचारा. अधिकृत प्रतिनिधी असेल तर त्याची नोंद वेगळी ठेवा. एका नोंदीत दोन आवाज कधीही नकोत.

टप्पा २: आवाज कोणत्या वाटेने येतो ते तपासा

जुन्या पद्धतीचा साधा कॉल साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज वाहून नेतो आणि सेकंदाला ८००० नमुने घेतो. व्होल्टीई (४जी नेटवर्कवरच्या) कॉलवर रुंद पट्ट्याचा कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत, चालू असेल तर ही मर्यादा ७००० हर्ट्झपर्यंत जाते आणि नमुने १६००० होतात. ॲपमधून थेट माइकवर घेतलेला आवाज आणखी वेगळा. एकाच माणसाचे हे तीन आवाज यंत्रणेला बरेच निरनिराळे वाटू शकतात.

मोठी गफलत इथे होते. मॉडेल, म्हणजे आवाज जुळवायला शिकवलेला प्रोग्राम, सेकंदाला १६००० नमुन्यांच्या आवाजावर शिकवलेलं असतं, कॉल येतो ८००० चा, आणि मधला प्रोग्राम तो आवाज गुपचूप १६००० चा करून पुढे पाठवतो. फाइलवर १६००० लिहिलं म्हणून फोनने आधीच कापून टाकलेला वरचा पट्टा परत येत नाही.

तपासा: तुमच्या लाइनवरचे २० खरे कॉल घ्या आणि त्यांचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र, काढा. ४००० हर्ट्झच्या वर सगळं काळं असेल तर टेलिफोनच्या आवाजावर शिकवलेलं मॉडेल मागा, किंवा सगळीकडे ८००० हेच प्रमाण ठेवा.

टप्पा ३: संमती वेगळी घ्या

"हा कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होत आहे" ही सूचना म्हणजे आवाजाचा ठसा (आवाजावरून काढलेली, पुढे जुळवायला साठवलेली ओळखीची नोंद) बनवायची परवानगी नव्हे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती विशिष्ट हेतूसाठी आणि माहिती देऊन घेतलेली हवी. ती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं, आणि सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय हवी. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

संमतीच्या कागदावर चार गोष्टी साध्या मराठीत लिहा: काय साठवतो, कशासाठी, किती काळ, आणि नको असेल तर दुसरा मार्ग कोणता.

टप्पा ४: नोंदणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथली चूक पुढच्या प्रत्येक कॉलमध्ये भोवते.

*४.१ आधी माणूस, मग आवाज.* केवायसी कागद पाहून समोरचा माणूस तोच आहे याची खात्री करा, मगच आवाज घ्या. चुकीच्या माणसाचा आवाज नोंदला गेला तर पुढे यंत्रणा त्याच परक्याला दरवेळी इमानाने पास करेल.

*४.२ सभासदाच्या स्वतःच्या फोनवरून घ्या.* काउंटरवरच्या संगणकाला चांगला माइक जोडून नोंदणी करणं फार चाललं आहे आणि ते चूक आहे. सभासद पुढे फोनवरून बोलणार असेल तर नोंदणीही फोनवरूनच व्हावी. शाखेतच त्याला त्याच्या मोबाइलवरून तुमचा नंबर लावायला सांगा, पण काउंटरपासून दूर, आतल्या खोलीत बसवून. स्पीकरफोन बंद, फोन कानाला.

*४.३ तोंडातलं थुंकून यायला सांगा.* हे सांगायला संकोच वाटतो, पण नागपुरात सांगावंच लागतं. गालात खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) धरून बोललं की जीभ आणि ओठ नेहमीसारखे हलत नाहीत, आणि त्याचा परिणाम थेट आवाजाच्या ठशावर होतो. "काका, जरा चूळ भरून या, मग आवाज घेऊ" एवढं म्हणणं पुरतं, कोणी वाईट मानत नाही. सर्दी झालेली असेल किंवा घसा बसलेला असेल तर नोंदणी पुढच्या आठवड्यावर ढकला.

*४.४ पुरेसं बोलणं घ्या.* ठरावीक वाक्याची पद्धत असेल तर तेच वाक्य किमान तीन वेळा. मोकळ्या बोलण्याची पद्धत असेल तर शांतता वगळून निदान ३० सेकंदांचं बोलणं. कॉल एक मिनिटाचा होता म्हणजे बोलणं एक मिनिटाचं होतं असं समजू नका. "हो", "बरं" आणि मधले विचार करायचे क्षण काढले की कधी १५ सेकंदच उरतात.

*४.५ भाषा दोन्ही घ्या.* आपल्याकडे माणूस एका वाक्यात मराठीतून हिंदीत जातो आणि परत येतो. केवळ मराठीत नोंदणी झाली आणि पुढे कॉल हिंदीत आला तर मोकळ्या बोलण्याच्या पद्धतीत गुण घसरू शकतात. पत्ता मराठीत सांगायला लावा, मग दोन प्रश्न हिंदीत विचारा.

*४.६ दुसरी बैठक ठेवा.* एकाच दिवसाच्या आवाजात त्या दिवसाची लाइन, तो मूड, ती खोली एवढंच येतं. चार-आठ दिवसांनी घरून एक कॉल करायला सांगा, ओटीपीने खात्री करा आणि तो आवाज नोंदीत जोडा. जानेवारीत शांत खोलीत घेतलेली नोंद मे महिन्यात का पडते याचं उत्तर बऱ्याचदा घरातल्या कूलरमध्ये असतं. पंख्याचा सलग घोंगाट आवाज झाकतो, आणि तो घोंगाट काढू पाहणारा फोनचा नॉइज रिडक्शन बोलण्याचाही थोडा भाग खातो.

*४.७ जुन्या रेकॉर्डिंगमधून नोंदणी नको.* वेळ वाचवण्यासाठी बरेच जण साठवलेल्या कॉलमधून ठसे बनवतात. संमतीचा प्रश्न आहेच, शिवाय अशा फाइलींत अनेकदा ऑपरेटर आणि ग्राहक एकाच ट्रॅकवर मिसळलेले असतात. मग प्रत्येक ठशात त्याच ऑपरेटरचा थोडा आवाज शिरतो, आणि सगळे सभासद यंत्रणेला एकमेकांसारखे वाटायला लागतात. दोन्ही बाजू वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड होत असतील तरच पुढे जा. स्पीकरफोनवर तुमच्याच सूचनेचा आवाज परत माइकमध्ये शिरतो, तिथेही हेच घडतं.

तपासा: नोंदणीचे तुकडे आपापसांत जुळवून बघा. आजची मॉडेलं प्रत्येक तुकड्याचं आकड्यांच्या एका ओळीत रूपांतर करतात (ईसीएपीए-टीडीएनएन या प्रचलित रचनेत सहसा १९२ आकडे) आणि दोन ओळी किती जवळच्या आहेत ते मोजतात. पाचातला एखादा तुकडा बाकीच्या चारांपासून लांब पडला तर तो ऐका. मागे टीव्ही असेल, दुसरं कोणी बोललं असेल, लाइन तुटली असेल. तो टाका आणि नवा घ्या. चांगल्या तुकड्यांची सरासरी काढून ठसा बनवायचा तो त्यानंतर.

टप्पा ५: खराब आवाज दारातच अडवा

पडताळणीच्या कॉलवर गुण काढण्याआधी तीन गोष्टी मोजा: निव्वळ बोलणं किती सेकंद, आवाज फाटतोय का, आणि बोलण्याच्या तुलनेत मागचा गोंगाट किती. गोंगाटापेक्षा बोलणं १५ डेसिबलने वर नसेल तर पुन्हा बोलायला सांगणं हा सुरुवातीसाठी ठीक नियम आहे. पुढे तो आकडा स्वतःच्या कॉलवरून बदला. कळमना बाजारातून बोलणाऱ्या अडत्याला "तुम्ही ते नाही" म्हणण्यापेक्षा "मागे फार आवाज आहे, जरा बाजूला जाऊन बोलता का?" हे म्हणणं खरं आहे आणि त्याचा अपमानही करत नाही.

सूचनेचे शब्दही इथेच नीट करा. "कृपया बीप ध्वनीनंतर आपला सांकेतिक वाक्यांश उच्चारावा" हे ऐकून लोक गोंधळतात, बीपच्या आधीच बोलतात आणि पहिला शब्द कापला जातो. "बीप वाजली की नेहमीसारखं बोला" पुरे. आकडे वाचून दाखवायचे असतील तर एकेक अंक द्या. त्रेसष्ट की छत्तीस यात माणूस अडखळतो. शिवाय "झिरो" आणि "शून्य", "सात" आणि "सेव्हन" हे सगळं शब्द ओळखणाऱ्या भागाने मान्य करायला हवं, नाहीतर आवाज बरोबर असूनही कॉल पडतो.

टप्पा ६: चाचणी स्वतःच्या माणसांवर करा

विक्रेत्याने दाखवलेले आकडे त्याच्या आवाजांचे आहेत. तुमच्या लाइनवर, तुमच्या सभासदांच्या बोलीत काय होतं ते तुम्हालाच मोजावं लागेल.

६० जण तयार करा, ३० बायका आणि ३० पुरुष, वयाने वेगवेगळे. प्रत्येकाची नोंदणी, आणि नंतर वेगवेगळ्या दिवशी प्रत्येकी पाच कॉल. खऱ्या जुळण्या झाल्या ३००. परक्या जुळण्या करताना बाईच्या नोंदीवर पुरुषाचा आवाज लावू नका. तसं केलं की निकाल उगाच छान दिसतो. फक्त बाईशी बाई आणि पुरुषाशी पुरुष जुळवलं तरी ६० × २९ × ५ म्हणजे ८,७०० परक्या जुळण्या मिळतात. शक्य असेल तर बहिणी, भाऊ, मायलेकी मुद्दाम घ्या.

३०० पैकी एकही खरा कॉल नापास झाला नाही तर "चूक शून्य" असं लिहू नका. संख्याशास्त्रातल्या तीनच्या नियमाप्रमाणे ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चूक ३ भागिले ३००, म्हणजे १ टक्क्यापेक्षा कमी असावी. आणि एकाच माणसाचे पाच कॉल एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात खात्री याहूनही कमी.

यानंतर सरासरी बाजूला ठेवून माणसागणिक बघा. जॉर्ज डॉडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये बोलणाऱ्यांचे चार गट मांडले होते. मेंढ्या म्हणजे सहज ओळखू येणारे, बकऱ्या म्हणजे वारंवार नापास होणारे, कोकरं म्हणजे ज्यांची नक्कल सोपी असे, आणि लांडगे म्हणजे ज्यांचा आवाज इतरांच्या नोंदीत सहज खपतो असे. तुमच्या ६० जणांतही चुकांचा मोठा भाग मोजक्या चार-पाच जणांकडून येताना दिसेल. त्यांची नोंदणी पुन्हा करा. एवढ्यानेच निकाल किती सुधारतो ते पाहा.

कोकरं आणि लांडगे राहिलेच तर गुणांचं सामान्यीकरण वापरा. आलेला गुण जसाच्या तसा न घेता, तोच आवाज इतर दोन-तीनशे आवाजांशी किती जुळतो त्या तुलनेत तो मोजायचा. हे इतर आवाज तुमच्याच लाइनवरचे, आपल्याच बोलीचे आणि संमती घेतलेले असावेत.

तपासा: नोंदणीच्या दिवशीचाच कॉल चाचणीत वापरला गेला नाही ना? ही चूक सर्रास होते आणि तिच्यामुळे निकाल खोटा चांगला येतो.

टप्पा ७: आता थ्रेशोल्ड

६० जणांचे दोन भाग करा. एका भागावर थ्रेशोल्ड ठरवा, तो गोठवा आणि दुसऱ्या भागावर मोजा. ज्या आवाजांवर ठरवला त्यांच्यावरच मोजलात तर ती चाचणी धरता येत नाही.

दोन्ही चुका समान होतात त्या बिंदूवर थ्रेशोल्ड लावायची घाई नको. तो बिंदू मॉडेलांची तुलना करायला ठीक आहे, पण शिल्लक सांगणं आणि कर्जखात्याची माहिती देणं यातली जोखीम सारखी नाही. कामागणिक वेगळा थ्रेशोल्ड ठेवा, आणि पास व नापास यांच्या मधे एक "अजून थोडं बोला" असा पट्टा ठेवा. त्या पट्ट्यातल्या माणसाकडून दहा सेकंद जास्त बोलणं घेतलं तर पुष्कळ कॉल तिथेच सुटतात.

सावधान: प्रयत्नांची संख्या बांधा. एका प्रयत्नात चुकीचा स्वीकार १ टक्का असेल, तर तीन प्रयत्नांत तो सुमारे ३ आणि आठ प्रयत्नांत सुमारे ७.७ टक्के होतो, तोही प्रयत्न स्वतंत्र धरले तर. मिळत्याजुळत्या आवाजाच्या माणसाला याहून जास्त संधी असते. २०१७ मध्ये बीबीसीच्या एका पत्रकाराच्या जुळ्या भावाने ब्रिटनमधल्या एका बँकेची आवाज-तपासणी भावाची नक्कल करून ओलांडली, ती सात वेळा नापास झाल्यावर आठव्या प्रयत्नात. दोन नापास, की दुसरा मार्ग. मोजणी खात्यावर करा, कॉलवर नको, नाहीतर फोन ठेवून पुन्हा लावला की मोजणी शून्यावर येते.

टप्पा ८: नकली आवाजाची वेगळी चाळणी

आवाज जुळला याचा अर्थ तो जिवंत माणसाच्या तोंडून आत्ता निघाला असा होत नाही. रेकॉर्डिंग वाजवणं, संगणकाने बनवलेला आवाज आणि दुसऱ्याच्या आवाजात बदललेलं बोलणं हे तीन हल्ले निरनिराळे आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मांडलेलं व्हॅल-ई हे मॉडेल तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाज उभा करत होतं. म्हणजे व्हॉट्सॲपवरचा एक व्हॉइस मेसेजसुद्धा हल्लेखोराला पुरेसा ठरू शकतो.

क्रम असा ठेवा. आधी दरवेळी बदलणारे अंक बोलायला लावा, म्हणजे साधं रेकॉर्डिंग चालणार नाही. मग नकली आवाज ओळखणारं स्वतंत्र मॉडेल लावा, त्याला स्वतःचा वेगळा थ्रेशोल्ड द्या. त्याचे आणि ओळखीचे गुण नुसते बेरजेत मिसळू नका, कारण उत्तम नक्कल ओळखीत इतके चांगले गुण मिळवते की बेरजेत नकलीपणा झाकला जातो.

हे मॉडेल ज्या प्रकारच्या नकलीवर शिकलं तीच ते नीट पकडतं. नवी पद्धत आली की चुकतं. शिवाय फोनचा कोडेक नकलीचे बारीक माग पुसून टाकतो. नकली आवाज ओळखण्याची एएसव्हीस्पूफ ही स्पर्धा २०१५ पासून चालू आहे आणि तिने २०२१ मध्ये टेलिफोनच्या वाटेने गेलेले नकली आवाज मुद्दाम घेतले, ते यासाठीच. तुम्हीही लेखी संमती दिलेल्या दोन-तीन कर्मचाऱ्यांचे आवाज नकली बनवून, दुसऱ्या फोनवरून, तुमच्याच नंबरवर वाजवून बघा. दर सहा महिन्यांनी नव्या साधनांनी पुन्हा.

टप्पा ९: नापास झालेल्याशी कसं बोलायचं

समजा दिवसाला ४०० कॉल येतात, त्यातले दोन लबाडीचे आहेत आणि चुकीचा नकार ३ टक्के आहे. नापास होणारे खरे सभासद झाले सुमारे १२, आणि लबाड फार तर दोन. म्हणजे नापास यादीतले बहुतेक जण आपलेच आहेत. ऑपरेटरला हे गणित दाखवा. "मावशी, आज लाइन नीट नाही, आपण ओटीपीने करू" असं तिने म्हणावं, पण ओटीपी आणि प्रश्न यांत सूट देऊ नये. "आवाज ओळखीचा वाटतोय" म्हणून सोडणं पूर्ण बंद.

तोंडाच्या किंवा घशाच्या शस्त्रक्रियेने ज्यांचा आवाज बदलला आहे, जे बोलू शकत नाहीत किंवा ज्यांना आवाज द्यायचाच नाही, त्यांच्यासाठीचा मार्ग पहिल्या दिवसापासून चालू हवा. त्यांना दरवेळी कारण सांगायला लावू नका. नोंदीवर खूण करा आणि त्यांचा कॉल थेट दुसऱ्या मार्गाला न्या.

टप्पा १०: देखभाल

दर आठवड्याला ओटीपीनेही पास झालेल्या कॉलच्या गुणांचा मध्य काढा, लाइनच्या प्रकारानुसार वेगळा. एप्रिल ते जूनमध्ये तो उतरला तर आधी कूलर आणि गोंगाट तपासा, थ्रेशोल्ड नंतर. एका दिवसात धाडकन उतरला तर लाइन किंवा सॉफ्टवेअर कोणीतरी बदललं आहे.

आवाज वर्षांनुवर्षं बदलतो, त्यामुळे नोंद ताजी ठेवावी लागते. पण नुसत्या आवाजावर पास झालेल्या कॉलने नोंद बदलू नका. एकदा घुसलेला परका हळूहळू नोंद स्वतःसारखी करून घेईल. ओटीपी पास आणि आवाजाचे गुणही चांगले, अशाच कॉलमधून भर घाला, आणि मूळ नोंद जशीच्या तशी वेगळी ठेवा.

विक्रेता मॉडेल बदलणार असेल तर आधी लेखी विचारा. जुन्या मॉडेलने काढलेले आकडे नव्या मॉडेलच्या आकड्यांशी जुळत नाहीत. मूळ आवाज साठवलेला असेल तर सगळे ठसे पुन्हा काढता येतात, नसेल तर हजारो सभासदांची नोंदणी पुन्हा. मूळ आवाज साठवणं म्हणजे जोखीमही साठवणं, म्हणून हा निर्णय संमतीचा कागद छापायच्या आधी घ्या, एन्क्रिप्शन आणि मुदतीसकट. मॉडेल बदललं की सहावा, सातवा आणि आठवा टप्पा नव्याने.

खातं बंद झालं किंवा संमती मागे घेतली, की ठसा, मूळ आवाज, बॅकअपमधल्या प्रती आणि सामान्यीकरणासाठी घेतलेल्या आवाजांतली त्या माणसाची फाइल, चारही ठिकाणांहून पुसा. चौथं ठिकाण हटकून विसरलं जातं, तेव्हा पुसण्याच्या अर्जावर त्याचा वेगळा रकाना छापा.